'यादी आली तर कळवा' असं लिहिणाऱ्या मेंटेनरना

सप्रेम नमस्कार,

तुमच्या उत्तरामुळे अडकलेली सेवा सुरू झाली. तुमच्या पॅकेजवर आम्ही टाकलेला इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, बंद करताना नुसतं 'थँक्स' लिहिलं गेलं, ते फारच अपुरं होतं, म्हणून हे पत्र.

आमची सेवा सी++ची, तिच्यात पायथन स्टॅटिक लिंक करून, म्हणजे थेट आमच्या बायनरीत (चालवायच्या तयार फाइलमध्ये) बसवलेला. साध्या पायथनमध्ये तुमचं पॅकेज बिनतक्रार इम्पोर्ट व्हायचं; आमच्या बायनरीतून केलं की 'अनडिफाइन्ड सिम्बॉल: पायएक्ससी_व्हॅल्यूएरर', म्हणजे पायथनमधलं एक नाव (सिम्बॉल) सापडतच नाही. आधी ज्यांना विचारलं त्यांनी 'आमच्याकडे तर चालतं' म्हणून हात झटकले. पैसे मोजून घेतलेल्या सपोर्टने कंटेनरची बेस इमेज अल्पाइन लिनक्स करायला सांगितली. अल्पाइनमध्ये सी लायब्ररी म्हणून जीलिबसी नसतं, मसल असतं. तिथे जीलिबसीसाठी बनवलेली मेनीलिनक्सची व्हील (आधीच कम्पाइल केलेलं पॅकेज) चालत नाही आणि मसलसाठीची मसललिनक्सची नसेल तर पायथनचं इन्स्टॉलर पिप सोर्स आणून कम्पाइल करत बसतं. दुखणं जागच्या जागी, वर बिल्ड लांबलेलं. प्रश्न पूर्ण वाचायची तसदीच कुणी घेतली नव्हती.

तुम्ही घेतलीत. व्हीलमधली .एसओ फाइल (कम्पाइल केलेला कोड) लिबपायथनशी, म्हणजे पायथनच्या लायब्ररीशी, लिंक करायची नाही, हे २०१६ च्या पेप ५१३ या पायथनच्या प्रस्तावापासूनच ठरलेलं आहे; लागणारी सिम्बॉल्स चालू प्रोसेसमध्येच सापडतील असं ती धरून चालते. आमच्या बायनरीत ती सिम्बॉल्स होती, पण लिंकरने डायनॅमिक सिम्बॉल टेबलात, म्हणजे बाहेरून आलेल्या .एसओला दिसणाऱ्या यादीत, मांडलीच नव्हती. म्हणून एक्सपोर्ट-डायनॅमिक हा लिंकरचा फ्लॅग. तेवढ्याने भागत नाही, हेही तुम्हीच बजावलंत: स्टॅटिक लिबपायथनमधून लिंकर आपल्या कोडला लागतील तेवढेच ऑब्जेक्ट उचलतो, तेव्हा तिच्याआधी होल-आर्काइव्ह लावायचं आणि लगेच नंतर नो-होल-आर्काइव्ह, नाहीतर पुढच्या लायब्रऱ्याही अख्ख्या आत येतात.

पण मनात घर करून राहिली ती उत्तराची सुरुवात. फ्लॅगचं नावही काढण्याआधी तुम्ही एनएम ही सिम्बॉल्सची यादी दाखवणारी कमांड पुढे करून लिहिलंत: 'बायनरीवर एनएम चालवा, कॅपिटल डी लावून, आणि पाय-ने सुरू होणारी नावं शोधा. काहीच आलं नाही तर पुढे वाचा. यादी आली तर माझा अंदाज चुकला. तसं कळवा, पुन्हा बघू.'

स्वतःचा अंदाज खोडून काढायचं साधन आधी विचारणाऱ्याच्या हाती दिलंत. तेही पदरचा वेळ घालून, एक पैसा न घेता, अनोळखी माणसाला. ज्ञान पाजळणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याला अक्कल आहे असं धरून बोलणारा भेटला की फार बरं वाटतं. अशा सभ्यपणाची नोंद कुठल्याच चेंजलॉगमध्ये होत नाही, याचं वाईट वाटतं.

ती तपासणी आता सीआयमध्ये (बिल्डच्या वेळी आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) कायमची आहे. इमेज बनण्याआधी बायनरीवर एनएम चालतं, यादी रिकामी आली तर बिल्ड तिथेच थांबतं. स्क्रिप्टच्या माथ्यावर तुमचं उत्तर कमेंट म्हणून जसंच्या तसं ठेवलं आहे. त्याखाली तुमचं नाव लिहिलं तर चालेल ना?

तुमचे ऋणी,
बॅकएंड टीम