बंदूक कुणाच्या हाताला लागते

कोल्हापूर

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

तिकडं अमेरिकेत आरवच्या शाळेत, कुणी गोळीबार करायला शिरलं तर म्हणून, दिवे घालवून, दार लावून पोरांना कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करून घेतात, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून तुझ्या आईच्या घशाखाली घास उतरत नाही. जावईबापूंच्या मते सगळा दोष मोबाइलवरच्या खेळांचा आणि पोरांच्या एकलकोंडेपणाचा. मला ते पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मारामारीचे खेळ जपानमधली पोरं खेळतात आणि आपल्या राजारामपुरीतलीही. मनात राग धरून बसलेलं, वर्गात चिडवलं जाणारं पोरगं कुठल्या देशात नाही? त्या रागाच्या भरात हाताला काय लागतं, तिथं सगळा फरक पडतो. 14 डिसेंबर 2012 चा दिवस घे. चीनच्या हेनान प्रांतात एक माणूस सुरा घेऊन शाळेत शिरला. वीसहून जास्त मुलं जखमी झाली, पण सगळी वाचली. त्याच दिवशी अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत एका तरुणानं आईच्या घरातली बंदूक नेऊन 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली.

2017 च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत शंभर माणसांमागे लोकांकडे 120 बंदुका आहेत, आपल्याकडे पाचच्या आसपास. आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसनं शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की बहुतेक पोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातूनच उचलली होती. सर्बियात 2023 साली तेच झालं. बेलग्रेडमधल्या तेरा वर्षांच्या पोरानं बापाची पिस्तुलं दप्तरातून शाळेत नेली. आपल्याकडंही गुरुग्रामला 2007 साली आठवीतल्या मुलाला वर्गमित्रांनी मारलं, ते वडिलांच्या पिस्तुलानंच. आपली पोरं जात्याच गुणी आहेत असं म्हणून चालायचं नाही.

तुझ्या आजोबांची बारा बोअरची बंदूक आठवते? राधानगरीकडच्या शेतात रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना होता त्यांचा. परवान्यासाठी पोलीस चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे, काडतुसं किती घेतली त्याची नोंद. आचारसंहिता लागली की बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीनं ठाण्यात नेऊन जमा करायची, पावती जपून ठेवायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची. ग्रामपंचायतीची निवडणूक असली तरी आजोबा कुरकुरायचे. घरात ती माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, कुलपाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. आम्हा भावंडांना तिला हात लावायची प्राज्ञा नव्हती. सरकारच्या त्या कटकटीत आणि त्या किल्लीत किती शहाणपण होतं, ते आता जाणवतं.

बंदुकीचा मला तिटकारा नाही. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तिघंही आपल्या जिल्ह्याचे. स्वप्नीलची मिरवणूक निघाली तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं.

आणि हे बदलता येतं. स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत मार्च 1996 मध्ये 16 मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. मारणाऱ्याकडं परवाना होता. तिथल्या लोकांनी सात लाखांवर सह्या गोळा केल्या आणि 1997 साली ब्रिटननं खासगी पिस्तुलांवर बंदी घातली. डनब्लेनसारखं तिथल्या शाळेत पुन्हा घडलेलं नाही. अमेरिकेत बंदूक बाळगणं 1791 पासून घटनेतला हक्क आहे. घरात ती कुलपात ठेवलीच पाहिजे असा कायदाही काही राज्यांतच आहे, देशभर नाही. ते बदलणं तुझ्या हातात नाही, मला कळतं.

पण एवढं कर. आरव कुणाच्या घरी खेळायला जाणार असला की आधी त्या घरच्या आईला विचार, घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का. शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे सांगताना तू लाजत नाहीस, मग हे विचारतानाही लाजू नको. उत्तर गोलमाल आलं तर त्या पोराला आपल्या घरी खेळायला बोलाव. आरवला हेही सांग, की कुणी पोरगं "उद्या शाळेत येऊ नको" असं काही बोललं तर त्याच दिवशी बाईंना सांगायचं. ती चुगली होत नाही. हल्ल्याआधी बहुतेक वेळा कुणा ना कुणा मित्राला कुणकुण लागलेली असते, हेही सीक्रेट सर्व्हिसच्या त्याच अभ्यासात आहे.

शनिवारी तो त्या नव्या मित्राकडं जाणार आहे म्हणालीस ना? त्याआधी विचार आणि मला फोन कर.

तुझे
बाबा