विषय: पगारातून पॅकचे (कंपनीच्या राजकीय देणगी फंडाचे) पैसे कापणं ताबडतोब थांबवा

मॅनेजर, पेरोल सपोर्ट,

तुमच्या पुण्याच्या सेंटरमधल्या मुलाशी बोलून आत्ताच फोन ठेवलाय, डोकं अजून तापलेलंच आहे. तो मराठीत बोलला म्हणून मराठीतच लिहितोय, म्हणजे नीट कळलं नाही हे कारण तरी उरणार नाही.

जानेवारीपासून माझ्या प्रत्येक पेचेकमधून १५ डॉलर आमच्या कंपनीच्या पॅकला जातायत, म्हणजे राजकारणासाठी, तेही टॅक्स भरून उरलेल्या पैशातून. आणि मी इथे अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर आहे, म्हणजे परदेशी नागरिक. ग्रीन कार्डवाल्याला देणगी देता येते, मला नाही. फेडरल असो नाहीतर गावच्या मेयरची, इथल्या कुठल्याही निवडणुकीसाठी मी एक डॉलर दिला तरी ते बेकायदेशीर, आणि माहीत असून माझ्याकडून घेणाराही अडकतो. माझा आय-नाइन, म्हणजे कामाच्या परवानगीचा फॉर्म, तुमच्याच ॲपमध्ये आहे ना? व्हिसा संपत आला की पिवळी पट्टी बरोबर झळकते, मग पैसे कापताना ॲपला काय झापड येते?

आता तो कॉल. मी म्हटलं, मी हो कधी म्हटलं ते दाखवा. तर म्हणे, "सर, ओपन एनरोलमेंटला, म्हणजे वर्षाचे विमे निवडताना, डेंटलच्या खाली टिक आधीच होती, तुम्ही काढली नाही म्हणजे कन्सेंट आहे." मग आता काढा. "ते नोव्हेंबरमध्येच होईल सर." अहो पण मला परवानगीच नाहीये, व्हिसाचा प्रश्न आहे. तर हा म्हणतो, "पंधराच डॉलर आहेत ना सर?" मग होल्ड, ते भिकार म्युझिक, आणि परत येऊन काय वाचून दाखवावं? "लोकशाहीत सहभागी झाल्याबद्दल आपले आभार." मला इथे मत देता येत नाही हो! मुलाचा दोष नाही म्हणा, स्क्रिप्ट तुम्हीच लिहून दिली असणार.

ही आधीच टिक करून ठेवायची आयडिया नवीन नाही, अशाच प्रकारात १९७८ साली शिक्षकांची युनियन एनईए कोर्टात हरली होती. पैसे राजकारणासाठी आहेत आणि नाही म्हटलं तरी नोकरीवर काही परिणाम होणार नाही, हे मागतानाच सांगावं लागतं. तुमच्या स्क्रीनवर नुसतं "कम्युनिटी गिव्हिंग". वा!

एचआर म्हणतं पेरोलला विचारा, तुम्ही म्हणता एचआरला विचारा, आणि १५ डॉलर जातायतच. चौदा पेचेक झाले की २१० होतात, आणि वर्षाला २०० च्या वर गेलं की नाव, कंपनी, हुद्दा सगळं फेडरल इलेक्शन कमिशनच्या रिपोर्टमध्ये, जगाला दिसेल असं. उद्या ग्रीन कार्डच्या वेळी कोणी विचारलं तर काय तुमचं आभाराचं वाक्य वाचून दाखवू?

भीक नको पण कुत्रं आवर, आधी कापणं थांबवा. नोव्हेंबरमध्ये नाही, येत्या पेचेकच्या आत. मी परदेशी नागरिक आहे हे पॅकच्या खजिनदाराला आजच लेखी कळवा, कारण बेकायदेशीर देणगी आहे हे कळल्यापासून ३० दिवसांत त्यांना पैसे परत करावे लागतात. आणि कळवल्याची कॉपी मला ईमेल करा, तिकीट नंबर नकोय.

एवढ्यातून काही झालं नाही तर कमिशनकडे तक्रार करणार. ती शपथेवर, नोटरी करून द्यावी लागते, आणि नोटरी माझ्या बँकेत फुकट होते.