विषय: मार्गदर्शिकेतल्या कमांड कॉपी करून चालत नाहीत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आम्ही पणजी, म्हापसा आणि फोंड्यातल्या पतसंस्थांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. आपल्या बॅकअप सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही. तक्रार त्याच्या मार्गदर्शिकेबद्दल आहे. पावसात वीज जाऊन सर्व्हर बंद पडला की शाखेतला क्लार्क मार्गदर्शिका उघडून कमांड जशीच्या तशी पेस्ट करतो. त्याने तेच करायला हवे.

प्रत्येक कमांडच्या आधी आपण $ किंवा # हा प्रॉम्प्ट (टर्मिनल स्वतःच दाखवते ती खूण) छापला आहे. $ सकट पेस्ट केले तर ‘कमांड नॉट फाउंड’ येते; निदान चूक कळते. # मात्र घातक आहे. बॅश (कमांड वाचून चालवणारी शेल) ती अख्खी ओळ कॉमेंट, म्हणजे नुसती टीप, धरते, काहीच चालवत नाही आणि एररही देत नाही. ‘सेवा सुरू करा’ या पायरीवर हेच होते. क्लार्क समजतो काम झाले, आणि बॅकअप बंदच राहतो.

पीडीएफमध्ये दोन हायफनचा एक लांब डॅश झाला आहे आणि सरळ अवतरणचिन्हे वळणदार झाली आहेत. हे बहुधा वर्डच्या ऑटोकरेक्टचे काम. शेलच्या लेखी वळणदार चिन्ह म्हणजे साधे अक्षर, त्यामुळे नावात स्पेस असलेल्या फोल्डरचे दोन तुकडे पडतात.

फोल्डरांचे आर्काइव्ह बनवणारी ‘टार’ची कमांड दोन ओळींत मोडली आहे. पहिल्या ओळीच्या शेवटी पुढची ओळ जोडण्यासाठी असलेल्या \ नंतर एक स्पेस राहिली आहे. डोळ्यांना ती दिसत नाही. ओळ जोडलीच जात नाही, कमांड तिथेच संपते. दुसऱ्या ओळीतला ‘एक्सक्लूड’ (वगळा) हा पर्याय गळतो आणि वगळायचे फोल्डरही आर्काइव्हमध्ये जाते.

कमांडच्या चौकटीत फक्त पेस्ट करायचा मजकूर असावा, आउटपुट वेगळ्या चौकटीत. प्रॉम्प्ट हवाच असेल तर तो वेबपानावर सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) ‘बिफोर’ने दाखवा, म्हणजे निवडताना सोबत येत नाही. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवायच्या कमांडला # ऐवजी ‘सुडो’ लिहा. सर्व्हरचे नाव < > मध्ये देऊ नका, शेल त्या नावाची फाइल शोधते. तिथे आपले नाव घालायचे हे दाखवायला कॅपिटल अक्षरे पुरतात. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात मांडणीच्या खुणा लिहिण्याची पद्धत) ठेवलात तर तो तपासणाऱ्या मार्कडाउनलिंट या साधनाचा एमडी०१४ हा नियम आउटपुटशिवायचे $ आपोआप पकडतो.

दुरुस्त आवृत्ती कधी मिळेल ते लेखी कळवावे. ‘सेवा सुरू करा’ ही पायरी तेवढी आधी, लगेच बदलावी.

आपले,
सिस्टिम विभाग, पणजी, गोवा