संध्याकाळचं मैदान मुलांना परत द्या

महोदय,

मुलांच्या मोबाइलवेडावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. पालकांनी मुलांना संध्याकाळी मैदानावर पाठवावं, हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण कोणत्या मैदानावर?

मी सव्वीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. शाळा सुटली की साडेपाच ते सात मुलींचा खो-खोचा सराव. फी नाही. दोन खांब, चुन्याची फक्की आणि एक शिट्टी एवढ्यावर भागायचं. सहावीतली एक मुलगी वर्गात तोंडच उघडायची नाही, हजेरीलाही नुसता हात वर करायची. खो-खोत मात्र पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' म्हणावंच लागतं, नाहीतर फाऊल. पहिल्या दिवशी तिचा 'खो' पुढ्यात पाठ करून बसलेल्या मुलीलाही ऐकू गेला नाही. पंधरा दिवस मी तिच्याकडून दुसरं काही करून घेतलं नाही, फक्त 'खो'. दिवाळीपर्यंत तिचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. पुढच्या वर्षी ती कर्णधार झाली आणि वर्गात उभी राहून शंका विचारू लागली. कुठल्या क्लासने हे केलं असतं?

त्याच मैदानावर आज टर्फ आहे, जाळी आहे, दिवे आहेत आणि तासावर भाडं आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी गेले तर शाळेचीच मुलं जाळीला चिकटून आत बघत उभी. माझ्यादेखत रखवालदाराने त्यांना हुसकावलं. विचारलं तर म्हणाला, "बाई, मला वरून सांगून ठेवलंय." संस्थेला दोन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान हवंच. ते संध्याकाळी कोणाला मिळतं, हेही शिक्षण खात्याने पाहावं.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यांच्या अभिनंदनाचा फलक संस्थेने त्याच जाळीवर लावला. तो पाहून मला रडू आलं.

पालकांवरही माझा राग आहे. दहावी आली की मुलीला सरावातून काढायचं, आणि खेळाडूंना दहावीत मिळणाऱ्या वाढीव क्रीडागुणांच्या वेळी प्रमाणपत्रासाठी दारात उभं राहायचं! ते गुण घाम गाळणाऱ्यांचे आहेत.

भाडं हवं तर शनिवार-रविवारी घ्या. सोमवार ते शुक्रवार साडेपाच ते सात मैदान मुलांना मोकळं ठेवा. शिकवायला मी येते, एक पैसा नको.

एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, जि. सातारा