पोह्यांवर कुठली बेराखा?

टीनेक, न्यू जर्सी
१६ शेवात

प्रिय आई आणि पप्पा,

शालोम.

मागच्या फोनवर आई तू विचारलंस, घरापासून पाच मिनिटांवर सरकारी शाळा आहे, तीही फुकट, मग एवढी फी भरून पोरांना ज्यू शाळेत कशाला घातलंस? तेव्हा मी घाईत "बघू, नंतर बोलू" म्हटलं आणि विषय टाळला. तुझा प्रश्न बरोबरच होता. आम्ही दोघं त्या फीसाठी किती राबतो ते तुला ठाऊक आहे. मी शनिवारी काम करत नाही म्हणून रविवारी जाते, आणि ह्यांनी दोन वर्षं ठाण्याचं तिकीट काढलेलं नाही. म्हणून आज नीट बसून लिहिते. पप्पांना मोठ्याने वाचून दाखव, त्यांचा चष्मा बदलेपर्यंत.

आधी शाळेचा दिवस सांगते. साडेसातला पिवळी बस येते. दारावर पहारेकरी उभा असतो, रोज प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून आत सोडतो. आत गेल्या गेल्या तेफिला, म्हणजे प्रार्थना. मोठ्या वर्गांची बेत मिद्राशमध्ये, म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या मोठ्या खोलीत, आणि छोट्यांची त्यांच्या वर्गात, गाऊन. मग अर्धा दिवस हिब्रू, तोरा आणि नबींची पुस्तकं, अर्धा दिवस गणित, विज्ञान, इंग्रजी. दोन शाळा एकाच दप्तरात. जेवायच्या आधी हात धुवायला रांग, जेवल्यावर आभाराची प्रार्थना, बिर्कत हमाझोन, तीही टेबलावर थापा मारत, इतक्या जोरात की पहिल्यांदा मला वाटलं पोरं भांडतायत. थंडीत शुक्रवारी दुपारीच शाळा सुटते, कारण सूर्य लवकर मावळतो आणि सगळ्यांना शब्बाथचे दिवे लावायच्या आत घरी पोचायचं असतं. आमच्याकडे शब्बाथच्या किद्दुशला, पेल्यावर आशीर्वाद म्हणताना, अजून तुझ्यासारखंच काळ्या मनुकांचं सरबत असतं. रात्री मनुका भिजत घालायचं काम थोरलीचं.

धाकट्याच्या सिद्दुरचा, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकाचा, कार्यक्रम झाला, त्याचे फोटो तू पाहिलेस, पण फोटोत काय कळणार! इथे पहिलीतल्या मुलांना अक्षरं वाचता यायला लागली की स्वतःचा सिद्दुर मिळतो. पुस्तक शाळा देते, वरचं कव्हर आईबापांनी सजवायचं. बाकीच्यांनी चमकी, खडे, मुलाचं नाव असं केलं होतं. मी तुझ्या त्या जांभळ्या इरकलीचा काठ काढला, जी नेसून तू माझ्या लग्नात उभी होतीस आणि जी मधे विरली होती. काठावर पांढऱ्या दोऱ्याने एक होडी आणि दोन माड भरले. त्याने वर्गात सगळ्यांना सांगितलं, ही नवगावची होडी, ह्यातून आमचे बेने इस्राएल लोक कोकणात आले, सात बायका आणि सात पुरुष वाचले. मग रब्बींनी एकेकाला पुढे बोलावून पुस्तक हातात दिलं. त्याने ते आधी ओठांना लावलं. हे त्याला शाळेत कुणी शिकवलेलं नव्हतं. सिनेगॉगमध्ये सेफेर, तोराची गुंडाळी, जवळून गेलं की पप्पा बोटं लावून ती ओठांना लावतात, ते त्याने ठाण्याला आला होता तेव्हा पाहिलेलं. मला रडू आवरेना.

आई, मी सात वर्षांची असताना शेमाची प्रार्थना तोंडपाठ म्हणत होते. प्रार्थना चालवणारे हज्जन म्हणायचे, आपण मागून म्हणायचो. अर्थ कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. त्यात तुमचा काही दोष नाही. आपल्या लोकांजवळ कोकणात शेकडो वर्षं पुस्तकंच नव्हती. शेमा होता, शनिवार होता, सुंता होती, खवल्यांच्या माशांचा नियम होता. तेवढ्यावर आपण टिकलो. गावाने आपल्याला शनिवार तेली म्हटलं, कारण शनिवारी आपला घाणा बंद. बाहेरून आलेल्या ज्यू विद्वान दावीद राहाबींनी आपल्या बायकांपुढे सगळे मासे एकत्र ठेवले आणि त्यांनी खवले-पर नसलेले बाजूला काढले, तेव्हा त्यांची खात्री पटली, ही गोष्ट पप्पा किती वेळा सांगायचे! आणि मग त्यांनी झिराडकर, शापूरकर, राजपूरकर अशा तिघांना शिकवून धर्माचे काजी केलं, म्हणतात. शिकवलं तिघांना, बाकी सगळ्यांनी ऐकलं.

पप्पा, तुमची माझगावची शाळाही ह्याच भुकेतून निघाली होती ना? १८७५ साली हाईम शमुवेल केहिमकरांनी ती सुरू केली, कारण आपल्या पोरांना मराठी-इंग्रजीबरोबर हिब्रूही यावं. पुढे तिला सर एली कदुरींचं नाव लागलं. तुम्ही तिथलं हिब्रूचं पुस्तक अजून कपाटात वरच्या फळीवर ठेवलंय. ते पुस्तक मी लहानपणी फक्त धूळ झटकायला हातात घेतलं, ह्याची मला आता फार हळहळ वाटते.

पालकांच्या सभेत रब्बींनी तलमूदमधला, आपल्या धर्मनियमांच्या जुन्या चर्चाग्रंथातला, एक उतारा वाचला. पूर्वी ज्याला बाप होता त्याला बाप तोरा शिकवायचा, ज्याला बाप नव्हता तो शिकायचा नाही. मग यहोशुआ बेन गामला नावाच्या महायाजकाने नियम केला की प्रत्येक गावात मुलांसाठी शिक्षक नेमायचा आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्याच्याकडे घालायचं. पुढे हेही लिहिलंय की एका शिक्षकाकडे २५ मुलं, ४० झाली तर मदतनीस द्यायचा, ५० झाली तर दोन शिक्षक. इतक्या जुन्या काळी पटसंख्या मोजणारे लोक! मी तिथे बसून आपल्या कोकणातल्या त्या पहिल्या पोरांचा विचार करत होते, ज्यांच्या गावात कुणी शिक्षक नेमला नाही. फीच्या पावतीवर सही करताना मला तीच पोरं आठवतात. आई, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

आता थोरलीचं. सहावीला गेमारा, म्हणजे तलमूदमधली चर्चा, सुरू झाला. कितीतरी शाळांत मुलांची सुरुवात जिथून होते तिथूनच हिचीही झाली, सापडलेल्या वस्तूंच्या प्रकरणापासून. एलु मेत्सिओत. रस्त्यात काही सापडलं तर ते ठेवायचं की दवंडी पिटून मालक शोधायचा? मिश्ना, तलमूदमधला मूळ नियमांचा भाग, यादीच देते. विखुरलेलं धान्य, विखुरलेली नाणी, भटाऱ्याचे पाव, माशांच्या माळा, हे सापडणाऱ्याचं. (माशांच्या माळा वाचून ती खिदळली, तिला आपल्याकडचे वाळत घातलेले बोंबील आठवले.) पण पैसे थैलीत असतील, किंवा एकावर एक रचलेली तीन नाणी असतील, तर पुकारा करायलाच हवा. का? कारण तिथे मालकाला सांगता येईल अशी खूण, सिमान, आहे. खूण असेपर्यंत मालक आशा सोडत नाही. आशा सोडण्याला येऊश म्हणतात, आणि सगळं प्रकरण त्या एका शब्दाभोवती फिरतं.

पान कसं असतं माहीत आहे? मधे मिश्ना आणि गेमारा, एका कडेला राशी नावाच्या जुन्या रब्बींचं भाष्य, दुसऱ्या कडेला त्यांच्या नातवंडांच्या आणि नंतरच्या पिढ्यांचं, ते कधीकधी राशींशीच वाद घालणारं. राशी ११०५ साली वारले, पण आमच्या स्वयंपाकघरात ते रोज असतात. "राशी काय म्हणतात बघ आधी," असं ती मला सांगते, मी पोळ्या लाटत असताना. शाळेत दोघी-दोघींच्या जोड्या असतात, त्याला खव्रुता म्हणतात. एकीने वाचायचं, दुसरीने अडवायचं. गप्प बसून ऐकणं ही तिथे शिस्त नाही. वर्गाचा आवाज मासळीबाजारासारखा, आणि शिक्षिका त्यातून शांतपणे फिरत असतात.

त्या आठवड्यात अबाये आणि रावा या तलमूदमधल्या दोन रब्बींचा वाद होता. वस्तू पडली, पण मालकाला अजून कळलेलंच नाही. कळल्यावर तो आशा सोडेल हे नक्की. मग आताच ती सोडली असं धरायचं का? रावा म्हणतात हो, अबाये म्हणतात नाही. तेव्हा मी तिला पप्पांची गोष्ट सांगितली, ठाणे स्टेशनवर रुमालात बांधलेले पैसे सापडले आणि पप्पा दोन लोकल सोडून तिथेच उभे राहिले ती. शेवटी ती कोळीण रडत आली. पोरीने लगेच विचारलं, रुमालाला गाठ कशी होती? कुणी पाहिली होती? पप्पांनी तिला गाठ विचारूनच पैसे दिले का? मी म्हटलं, हो, गाठ आणि रुमालाचा रंग, दोन्ही विचारलं होतं. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "मग आजोबांनी बरोबर सिमान घेतली! आणि त्या बाईने येऊश केलंच नव्हतं!" पप्पा, तुम्ही गेमारा कधी उघडला नाहीत. तुम्ही ते कुठून शिकलात ते तिने मला विचारलं, आणि मी म्हटलं, त्यांच्या आईकडून.

एक दुखरी गोष्टही लिहिते, लपवून काय उपयोग. सुरुवातीला एका मुलीने थोरलीला विचारलं होतं, इंडियात ज्यू असतात? तुम्ही नंतर झालात का? मुलगी वाईट नव्हती, तिने कधी ऐकलंच नव्हतं. पण पोर घरी येऊन जेवली नाही. तुम्ही मला सांगायचात ना, इस्राएलमध्ये आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली गेली आणि १९६४ पर्यंत त्यासाठी झगडावं लागलं? ते सगळं माझ्या घशाशी आलं. मी शिक्षिकेला चिठ्ठी लिहिली. त्यांनी मला बोलावलं आणि एक ओळ दाखवली. एरेत्स इस्राएलहून बाबेलच्या लोकांना पत्र गेलं होतं, "तुमच्या वाडवडिलांचा जो रिवाज तुमच्या हाती आहे, तो जपा." मग म्हणाल्या, तुमचा रिवाज आम्हाला दाखवाल का? "तू बिश्वात", पंधरा शेवातचा झाडांचा सण, येतोय.

म्हणजे नेमका आपला एलियाहू हन्नबीचा, संदेष्टा एलियाचा, दिवस! अलिबागजवळच्या खंडाळ्याला आपण बसने जायचो, त्या खडकावरची त्यांच्या रथाची खूण बघायला. मी लगेच म्हटलं, मलिदा करू, गूळ-नारळाच्या पोह्यांचा.

सोपं नव्हतं. शाळेत घरचं शिजवलेलं चालत नाही. खाण्याचे धर्मनियम तपासणाऱ्या मशगियाखनी प्रत्येक पाकीट बघितलं, पोहे, गूळ, गोठवलेला ओला नारळ, वेलची. त्यांच्याच भांड्यात, त्यांच्याच ओट्यावर सगळं केलं. आणि आई, बदाम नाही, पिस्ते नाहीत, चारोळी नाही, कारण काही मुलांना ते बाधतं. तुला बघवलं नसतं. मनुका भरपूर घातल्या. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि आत पोरं गूळ-नारळात हात घालून पोहे कालवत होती. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, तिने खोबरं चाखून चाखून निम्मं संपवलं. पोह्यांच्या डोंगराभोवती फळं मांडली, आम्ही एलियाहू हन्नबी गायलो, आणि मी "वेयित्तेन लेखा" ही आशीर्वादाची वचनं पप्पांच्या चालीवर म्हटली, घाबरत घाबरत. चाल त्यांच्यासाठी अगदी नवी होती, पण शब्द सगळ्यांना पाठ. तिसऱ्या ओळीला सगळा वर्ग माझ्यामागे होता.

मग बेराखांची, खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वादांची, वेळ आली. मी केळी सफरचंदांच्या शेजारी ठेवली होती. एक मुलगा म्हणाला, केळं वेगळं, त्याची बेराखा जमिनीच्या पिकाची, झाडाची नाही. आणि मला एकदम आठवलं, तू केळी नेहमी ताटात वेगळ्या बाजूला ठेवायचीस! मी विचारलं तर म्हणायचीस, "अशीच ठेवायची." त्यांना ते पुस्तकातून माहीत होतं, तुला हातातून.

तू हेही विचारलं होतंस की तिथे आपलं माणूस कोण. सासरे इस्राएलमध्ये लोदला वारले तेव्हा ह्यांना मातीला पोचता आलं नाही. आम्ही इथे सात दिवस सुतकाला बसलो. शाळेतून बुटक्या खुर्च्या आणि सिद्दुर आले. सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमली, बरीचशी मुलांच्या वर्गातले बाप, काहींची नावंही मला माहीत नव्हती. सात दिवस माझी चूल पेटली नाही. एक बाई रोज डबा दारात ठेवून घंटी वाजवून निघून जायची, मला आभार मानायची वेळ येऊ नये म्हणून. तिचं नाव मला अजून कळलेलं नाही.

आता तुमचं काम. त्या दिवशी पोह्यांपाशी येऊन सगळं अडलं. पोह्यांवर कुठली बेराखा? तांदूळ आहे, पण कांडलेला, आणि इथे फक्त भिजवलेला. अर्धा वर्ग एकीकडे, अर्धा दुसरीकडे, दोन मुली राशी शोधायला धावल्या. रब्बी म्हणाले, ह्यांच्या घरात काय म्हणतात ते आधी विचारू या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मलिद्याच्या वेळी मी कायम आत नारळ खवत असायचे! पप्पा काय म्हणायचे ते मी नीट ऐकलंच नाही.

तेव्हा पप्पा, रविवारी संध्याकाळी साडेसातला फोनजवळ बसा. आमच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतील, कामाला निघायच्या आत मी लावीन. तुम्ही म्हणायचं आणि थोरली लिहून घेणार, मग सोमवारी ती वर्गात वाचणार. सावकाश म्हणा, तिला प्रत्येक अक्षर हवंय. आणि आई, तू पण जवळच बस, केळ्यांचं तुलाच विचारायचंय तिला.

तुमची लेक