कोळशापेक्षा त्याच्या वरचा खडक

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

जमिनीत एवढ्या खोल कोळसा आहे हे उकरण्याआधीच कसे कळते, असे बाबांनी मागच्या फोनवर विचारले होते. आईचा प्रश्न नेहमीचाच होता, खाणीची भिंत अंगावर तर येणार नाही ना? त्या वेळी मी घाईत वेळ मारून नेली. खरे तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर कोळशापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या खडकांत जास्त आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आपल्या साताऱ्याचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. इथे चंद्रपूरकडे वर्धा नदीच्या खोऱ्यात ज्या खडकांत कोळसा मिळतो, ते त्याच्या चौपट जुने असून नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे आणि चिखलाचे बनलेले आहेत. त्यांच्या तळाशी तालचेर नावाचा थर आहे, तो तर हिमनद्यांच्या काळातला. चंद्रपूरजवळ इरई येथे त्या बर्फाने घासून ओरखडे पाडलेला चुनखडक उघडा पडलेला आहे आणि त्याची नोंद भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७० च्या दशकातच करून ठेवली होती. चंद्रपूरच्या उन्हात उभे राहून बर्फाच्या खुणा पाहाव्यात, यावर मी स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवला नसता.

तालचेरच्या वर बाराकर, म्हणजे आमचा कोळशाचा थरसमूह. बोअर घेताना जमिनीतून दंडगोल नमुना निघतो, त्याला आम्ही कोअर म्हणतो, आणि तो खोलीच्या क्रमाने पेट्यांत मांडून हातभर-हातभर तपासतो. बाराकरचा वालुकाश्म पांढुरका-करडा असतो, कारण त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची कुजून पांढरी माती झालेली असते. मग करडा शेल, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाचा खडक येतो आणि तो पातळ पापुद्र्यांत फोडला की कधी कधी ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झालेल्या झाडाचे जिभेच्या आकाराचे पान दिसते, मधली शीर आणि दोन्ही बाजूंना शिरांची जाळी अगदी स्पष्ट. शेल काळा होत गेला की कोळसा जवळ आला असे समजायचे. कोळसासुद्धा एकसारखा नसतो. एक पट्टी चकचकीत, तिच्या खालची मंद, आणि मधेच बोटे काळी करणारी, लाकडी कोळशासारखी भुसभुशीत पट्टी असते. शिवाय शेलचे पट्टे मधून मधून घुसलेले असतात आणि त्यांच्यामुळेच राखेचे प्रमाण वाढते. आमच्या खोऱ्याचे वैशिष्ट्य असे की इथे अनेक पातळ थरांऐवजी मुख्यतः एकच जाड थर आहे, बऱ्याच ठिकाणी पंधरा मीटरांहून अधिक, आणि काही भागांत तो फुटून दोन-तीन फळ्यांत विभागलेला आहे.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. थर सपाट नसतो, एका बाजूला कललेला असतो. त्यामुळे तीन बोअरमधली कोळशाची खोली कळली की चौथ्या जागेचा अंदाज बांधता येतो. पण या खोऱ्यात वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारे प्रस्तरभंग आहेत, म्हणजे ज्यांच्यावर खडक तुटून वर-खाली सरकले अशा भेगा. हिशेबाने जिथे कोळसा लागायला हवा तिथे नुसता वालुकाश्मच लागला, तर मधून प्रस्तरभंग गेला आहे आणि थर खाली सरकला आहे, अशी शंका घ्यावी लागते. ती रेषा नेमकी कुठून जाते हे ठरवण्यासाठी मग जवळ जवळ आणखी बोअर घ्यावे लागतात. खर्चाची कुरकुर होते. पण बेंच, म्हणजे खाणीतली पायरी खणल्यावर थर गायब झालेला दिसण्यापेक्षा ते स्वस्त पडते, असे माझे ठाम मत आहे.

थर ज्या बाजूला कललेला आहे तिकडे पुढे जावे तसा वरचा खडक वाढत जातो. त्याला इथे सगळे ओबी, म्हणजे ओव्हरबर्डन म्हणतात. एक टन कोळशासाठी किती घनमीटर ओबी काढावी लागेल, यावर उघडी खाण परवडते की नाही ते ठरते. या ओबीत बाराकरच्या वर कामठी थराचा तांबूस, पिवळसर, लोहयुक्त वालुकाश्म असतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो आणि खाणीचा खड्डा त्याच्यातून खाली गेला की ते पाणी खड्ड्यात झिरपू लागते. आम्ही ते पंपाने उपसतो. पण तेच पाणी आसपासच्या गावांच्या विहिरींनाही पुरवठा करत असते आणि उपसा वाढला की त्या विहिरींची पातळी खाली जाते. गावकऱ्यांची तक्रार खोटी नसते, खडकच तसा आहे.

आता आईसाठी. वालुकाश्माचे बेंच चांगले उभे राहतात. भीती असते ती सर्वांत वरच्या काळ्या मातीची आणि नदीच्या गाळाची, कारण काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. म्हणून तिथला उतार आम्ही मुद्दाम सौम्य ठेवतो, माथ्यावर चर खणून पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर वळवतो आणि जूनपासून काठावरच्या भेगांवर खुंट्या ठोकून दोन खुंट्यांमधले अंतर रोज मोजतो. अंतर वाढू लागले की खालची माणसे आणि मशिनरी आधी हलवतात, चर्चा नंतर होते. मी स्वतः बहुतेक वेळ कोअरच्या शेडमध्येच असते, तेव्हा तू काळजी करू नकोस.

बाबा, पश्चिमेकडे वणीच्या बाजूला हे कोळशाचे खडक आपल्या काळ्या पाषाणाखाली जातात. तिकडच्या बोअरमध्ये आधी तो पाषाण आणि मग कामठी लागते. दिवाळीला येताना त्या दोहोंच्या सांध्याचे कोअरचे फोटो घेऊन येईन.

तुमची,
मोठी लेक