चिकनवाले भाऊ, सत्तूर खाली ठेवून विचारलंत त्याबद्दल

चिकनवाले भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि ज्यांना दुकान ओळखायचं ते ओळखतीलच. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. पैसे देताना "थँक यू भाऊ" म्हणून झालं होतं, पण ते तर आपण हाडांचा चुरा घेऊन घरी निघतानाही म्हणतो.

मी एक किलो चिकन मागितलं, मांड्याच. तुम्ही कोंबडी ओंडक्यावर ठेवली, सत्तूर उचलला, परत खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "ताई, हे शिजवणार कशात?"

एवढंच. पण हा प्रश्न नागपुरात मला आणखी कोणी विचारलेला नाही. बाकीच्या दुकानांत (नावं कशाला घ्या) "मोठे तुकडे ठेवा, मांड्या अख्ख्या ठेवा" असं आपण सांगत असतो आणि तिकडे खटाखट सत्तूर चाललेला असतो. वर उत्तर ठरलेलं: "सगळे असेच नेतात." एकदा तोडलेली मांडी कोणी जोडून देत नाही, त्यामुळे पुढे बोलण्यात अर्थ उरत नाही.

त्यांची तोड चुकीची असते असं नाही, बरं का. सावजी रश्श्यासाठी तीच बरोबर. बारीक तुकडा, हाड फुटलेलं, म्हणजे आतलं सत्त्व रश्श्यात उतरतं आणि मसाला हाडापर्यंत जातो. रश्श्यात हात घालून खायचं असतं, हाडाचा कण बोटांना आधी कळतो. मला करायचं होतं ते स्लो कुकरमधलं चिकन-स्टफिंग, म्हणजे खाली पांढऱ्या दाट सॉसमधलं चिकन आणि वर लोणी-कांदा लावलेल्या पावाचा थर. ते चमच्याने खातात. मऊ पावात लपलेली हाडाची किरच ना दिसते, ना लागते, ती थेट घशाशी कळते. घरात लहान मूल किंवा कवळी लावणारं माणूस असेल तर विचारूच नका.

तुम्ही मांड्या सांध्यातून सोडवल्या, हाड फोडलं नाही. चामडी ओढून काढली, आतल्या बाजूचा पिवळ्या चरबीचा गोळा नखाएवढाही ठेवला नाही. धुऊन निथळत पिशवीत टाकलं नाही, कोरडंच दिलं. आणि पाठ-मान वेगळ्या पुडीत बांधून म्हणालात, "हे रश्श्याले चालते, फेकू नका." त्याचे पैसेही घेतले नाहीत.

मग तुम्हीच विचारलंत, की ह्या भांड्यात असं होतं तरी काय? तेव्हा मागे रांग होती, म्हणून आता नीट सांगते. तुमच्या हाताने त्यात काय साधलं तेही त्यातच येईल.

स्लो कुकर म्हणजे आत जाड चिनीमातीचं भांडं, भोवती विजेची मंद गुंडाळी, वर काचेचं झाकण. साधारण २०० ते ३०० वॅट, म्हणजे इस्त्रीच्या चौथाई. अमेरिकेत अर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाला १९४० साली त्याचं पेटंट मिळालं, आणि १९७१ पासून ते क्रॉक-पॉट नावाने घरोघरी गेलं. १९७२ साली तिकडे सुक्या स्टफिंगचा, म्हणजे मसाला लावलेल्या वाळक्या पावाच्या तुकड्यांचा, तयार डबा आला. कॅनमधलं घट्ट सूप, तो डबा आणि चिकन भांड्यात टाकून कामावर जायचं, असा तिथला सोपा बेत. आपल्याकडे ना तो डबा सहज मिळतो, ना ते सूप. पण दोन्ही घरी होतात, आणि माझ्या मते घरचंच चांगलं लागतं.

ह्या भांड्यात वाफ बाहेर जात नाही, पाणी आटत नाही. सगळ्या भानगडी इथूनच सुरू होतात. ओलं चिकन घातलं तर सॉसचं पाणी होतं. चामडीला कोरडी धग मिळत नाही, म्हणून ती कुरकुरीत न होता रबरासारखी राहते आणि चरबीचा तवंग वर पावात जाऊन बसतो. म्हणून तुम्ही कोरडं आणि सोलून दिलंत ते सोन्यासारखं झालं. आणि मांडीच का? छातीच्या मांसात चरबी आणि चिवट पडदे कमी. ते मंद आचेवर तीन तासांत होतं आणि त्यापुढे भुशासारखं कोरडं पडतं. मांडीतला चिवटपणा हळूहळू विरघळतो, मांस ओलं राहतं, तास-अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. बारीक तुकडे केले असते तर पाच तासांत तेही उसवले असते आणि नुसती हाडं तरंगत राहिली असती.

आता तुमच्या त्या पुडीबद्दल. पाठ-मान, पाऊण लिटर पाणी, अर्धा कांदा, पाच-सहा मिरे, कुकरमध्ये तीन शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं बारीक गॅस. हळद नाही, आलं-लसूण नाही, मीठही नाही. गाळून गार केलं की वरची चरबी चमच्याने निघते. ह्या पाण्यावर अख्खा पदार्थ उभा आहे. त्याऐवजी बाजारची चिकन-स्टॉकची क्यूब टाकली तर आधीच खारट, त्यात पिवळं अमूल बटर खारट, ब्रेडमध्ये मीठ, आणि आटत तर काही नाही. मग शेवटी लिंबू पिळून वेळ मारून न्यावी लागते.

सॉससाठी ४० ग्रॅम लोण्यात ४० ग्रॅम मैदा मंद गॅसवर दोन मिनिटं परतायचा, रंग येऊ द्यायचा नाही. त्यात पाव लिटर ते गाळलेलं पाणी आणि १५० मिली दूध थोडं थोडं घालत, गुठळी मोडत, इडलीच्या पिठाइतकं दाट करायचं. मिरेपूड घालायची. हे जास्त दाट वाटेल, पण चिकनला पाणी सुटणारच आहे. मैदा वगळू नये. नुसतं दूध किंवा दही घालून तासन्‌तास ठेवलं की फुटतं, मैद्याने ते धरून ठेवलं जातं. क्रीम हवंच असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांत.

पावाचं म्हणाल तर साधा सँडविच ब्रेड, २५० ग्रॅम, दोन सेंटिमीटरचे तुकडे. ते पूर्ण वाळले पाहिजेत, दाबल्यावर कडकन मोडले पाहिजेत. मे महिन्यात गच्चीवर मलमलखाली दुपारभरात होतं, नागपूरचं ऊन फुकट आहे. थंडीत रात्रभर ताटात पसरून ठेवायचे. पावसाळ्यात मात्र नाद सोडा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा, नाही तर वाळायच्या आधी बुरशी धरते. चहाचे टोस्ट वापरू नयेत. ते गोड असतात, वेलची असते, आणि ओलावा लागला की त्यांचा लगदा होतो.

५० ग्रॅम लोण्यात दोन मध्यम कांदे आणि मिळाली तर सेलरीच्या दोन दांड्या बारीक चिरून मऊ करायच्या. सेलरी नसेल तर पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. तिकडे ह्यात सेज आणि थाइम हे वासाचे पाले असतात. थाइमचा जो वास आहे तोच, थायमॉलचा, आपल्या ओव्यात आहे. म्हणून पाव चमचा ओवा चुरडून पुरतो, जास्त घातला तर पोटदुखीचं औषध वाटेल. हे सगळं पावावर ओतून पाठ-मानेचं तेच गाळलेलं पाणी १५० मिली, कोमट, शिंपडायचं आणि हाताने वरखाली करायचं. तुकडा ओला व्हावा, पण सुटा राहावा.

साडेचार लिटरच्या भांड्यात तळाला किलोभर मांड्या एका थरात, वर सॉस, झाकण, आणि लो वर चार तास. मग पाव वर पसरायचा आणि हाय वर एक ते दीड तास. पाव सुरुवातीपासून घातला तर खीर होते, तिकडच्या कित्येक पाककृती असंच सांगतात आणि तसंच होतं. तरीही झाकणाला जमलेली वाफ थेंब थेंब पडतेच, म्हणून ह्या शेवटच्या टप्प्यात झाकणाखाली कोरडा सुती पंचा ताणून धरायचा आणि त्याची टोकं झाकणावर वर दुमडायची. खाली लोंबू द्यायची नाहीत, बाहेरचं कवच तापतं. मटार घालायचे तर शेवटच्या पंधरा मिनिटांत.

मधे झाकण उचलून बघायची खाज आवरायची. एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला वीस-तीस मिनिटं जातात. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर ७४ अंश दाखवला की झालं. पावाच्या थराच्या मधोमधही तेवढंच पाहिजे, कारण खालचा कच्चा रस त्यात चढलेला असतो. थर्मामीटर नसेल तर मांस हाडापासून सुटलं पाहिजे आणि रस गुलाबी नसावा.

तुमच्याकडून सकाळीच ताजं नेण्याचं कारणही हेच. फ्रीजरमधलं गोठलेलं चिकन ह्यात थेट टाकलं तर ते ५ ते ६० अंशांच्या मधे फार वेळ रेंगाळतं, आणि जंतूंना तेवढंच हवं असतं. तसंच लाईट गेली तर. घरात कोणी असेल तर लगेच पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण शिजवायचं. घरी कोणी नसताना किती वेळ गेली होती ते माहीत नसेल, तर जीव तुटला तरी टाकून द्यायचं.

आणि तुमच्या पुतण्याने विचारलं होतं, अमेरिकेहून आणलेला कुकर इथे चालेल का. थेट प्लगमध्ये नाही. तो १२० व्होल्टचा, आपली वीज २३० ची. जवळजवळ दुप्पट व्होल्टला ताकद दुपटीने नाही, साडेतीन पटींहूनही जास्त वाढते. २५० वॅटचं भांडं ९०० च्या वर ओढेल, गुंडाळी जळेल किंवा चिनीमाती तडकेल. ५०० वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर खुशाल वापरा. "नुसती पिन बदलून देतो" म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर चहा पाजून परत पाठवा.

गंमत अशी, की ह्या सगळ्या मापात आणि तासांत जे जमतं ते मी करू शकते. पाव पुन्हा वाळवता येतो, सॉस पुन्हा करता येतो. तोड मात्र तुमच्या हातात होती आणि ती एकदाच होते. गिरणीवाला दाणे ओतण्याआधी विचारतो, "भाकरीचं की थालीपिठाचं?" जुने शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी विचारायचे, "धुतलंय का, आटेल का?" ही माणसं काही तुमचं भलं करायला बसलेली नसतात, धंदाच करतात. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना थांबतात. हल्ली घाई एवढी, की डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळे आधी कापतात आणि मग विचारतात. तुमच्यामागे तेव्हा रविवारची रांग होती, मागचा एक जण चुळबुळत होता, तरी तुम्ही उत्तर पूर्ण ऐकलंत आणि वर आणखी विचारलंत, "चामडी ठेवू की काढू?"

तेव्हा मनापासून आभार. त्या दिवशी कोणाच्याही ताटात हाडाची किरच आली नाही. वर पाव सुटा राहिला आणि सोबत, तिकडे घेतात त्या आंबट क्रॅनबेरी सॉसच्या जागी, आंबिया बहाराच्या (थंडीच्या तोंडाशी येणाऱ्या) संत्र्यांचा आंबटगोड मुरंबा केला. लोण्याच्या जडपणावर तो फारच छान लागतो.

३१ डिसेंबरला दोन किलो लागतील, फक्त मांड्या. त्या दिवशी तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी नवाच्या आत येते. पाठ-मान वेगळं बांधा, आणि ह्या वेळी त्याचे पैसे घ्या.

तुमची,
एक गिऱ्हाईक